घाट आपला, रस्ता डर्बनचा

कॉम्रेड्स शर्यतीला निघालेल्या माणसाला घरचे आणि ऑफिसातले एकच विचारतात : ‘नव्वद किलोमीटर? एका दिवसात?’ मग तो चढांची नावं सांगू लागतो. काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इन्चांगा, पॉली शॉर्ट्स. ऐकणारे माना डोलावतात. उताराबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांदरम्यान दरवर्षी ही शर्यत होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफम नावाच्या सैनिकाला युद्धात गेलेल्या साथीदारांचं स्मारक हवं होतं, पण ते दगडाचं नको होतं. माणसांनी दरवर्षी स्वतःच्या पायांनी उभारावं, असं ते असावं ही त्याची कल्पना. 24 मे 1921 रोजी 34 जण धावले, 16 जण पोचले. बिल रोवन 8 तास 59 मिनिटांत पहिला आला. आज नऊ तासांच्या आत येणाऱ्याला त्याच्याच नावाचं पदक मिळतं.

स्मारकाच्या या रस्त्यावर सगळ्यांना मुभा होती असं नाही. 1923 मध्ये फ्रान्सेस हेवर्ड आणि 1935 मध्ये कृष्णवर्णीय रॉबर्ट म्त्शाली हे दोघंही पूर्ण अंतर धावले, पण अधिकृत नोंदीत त्यांना जागा नव्हती. बायकांना आणि कृष्णवर्णीयांना रीतसर प्रवेश मिळाला तो 1975 मध्ये. 1981 साली आयोजकांनी शर्यत वर्णद्वेषी प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनाशी जोडली, तेव्हा ब्रूस फोर्डाइस दंडाला काळी फीत बांधून उतरला. लोकांनी टोमॅटो मारले. तो शर्यत जिंकूनच थांबला. पुढे त्यानं एकूण नऊ वेळा ती जिंकली.

शर्यतीची दिशा साधारणपणे दरवर्षी उलटते. एका वर्षी समुद्रसपाटीवरच्या डर्बनहून वर सहाशेहून अधिक मीटर उंचीवरच्या पीटरमॅरित्झबर्गला, पुढच्या वर्षी तिथून खाली. ‘खाली’ म्हटलं की नवख्याला हायसं वाटतं. त्या ‘खाली’तही हजाराहून अधिक मीटर चढ आहे. आणि तो चढ परवडला, असं वाटायला लावणारा फील्ड्स हिलचा लांबलचक उतार बराच उशिरा, पाय आधीच शिणलेले असताना येतो.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. चढताना तो आखडतो, उतरताना मात्र ताणला जात असतानाच भार पेलतो. त्यात त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. दम लागत नाही, म्हणून माणूस वेग वाढवतो आणि किंमत वीस-तीस किलोमीटर पुढे चुकवतो. या दुखण्यावर उपायही उतारच. एकदा नीट उतरून पाय दुखवून घेतले की स्नायू पुढचे काही आठवडे तशाच माराला बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणून उताराचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी उरकायचा. नंतर केला तर दुखणं सोबत घेऊन विमानात बसावं लागतं.

अशा वेळी महाराष्ट्रातला धावपटू नशीबवान. साताऱ्याचा यवतेश्वर घाट आहे, पुण्याचा सिंहगड आहे, लोणावळा-खंडाळ्याचा परिसर आहे. मुंबईकरांची थोडी पंचाईत. त्यांचा हिमालय म्हणजे पेडर रोड. गडावर पोचून पिठलं-भाकरी आणि ताकावर ताव मारायचा आणि खाली मित्राच्या गाडीतून यायचं, ही आपली जुनी रीत कॉम्रेड्ससाठी उलटी करावी लागते : वर गाडीनं गेलात तरी चालेल, खाली मात्र पायांनी या.

जूनमधल्या शर्यतीसाठी सर्वाधिक किलोमीटर मार्च-एप्रिलमध्ये पडतात, म्हणजे आपल्या ऐन उन्हाळ्यात. मग पहाटे तीनला उठणं आलं. शनिवारी तीसेक किलोमीटर आणि रविवारी, पाय जड असतानाच, पुन्हा वीस. एकाच दिवशी साठ धावून आठवडाभर लंगडण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. नोकरी फिरतीची असेल तर गणित आणखी बिघडतं. हॉटेलातल्या ट्रेडमिलवर चढ लावता येतो, उतार बहुधा लावता येत नाही. त्यापेक्षा हॉटेलचा जिना बरा : दहा मजले लिफ्टनं वर, पायांनी खाली, पुन्हा लिफ्ट. सुरक्षारक्षक दोन फेऱ्यांनंतर विचारपूस करतो. रात्रीच्या प्रवासानंतरच्या सकाळी वेगाचा सराव टाळावा. तासभर संथ धावणं पुरे.

परदेशी जाताना सामानातल्या बारीक गोष्टी घात करतात. शर्यतीचे बूट चेक-इन बॅगेत टाकू नयेत. बॅग चुकली तर डर्बनमध्ये नवे बूट मिळतील, सरावलेले मिळणार नाहीत. एनर्जी जेल विमानतळावर द्रवपदार्थात मोडतं, केबिन बॅगेत त्याला शंभर मिलिलिटरचा नियम लागतो. तिकीट इथिओपिया किंवा केनियामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचे नियम आधीच पाहावेत. ते प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. घड्याळ मात्र आपल्या बाजूनं. भारत तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथली पहाटेची पाच-साडेपाचची सुरुवात आपल्या शरीराला सकाळी साडेआठ-नऊची वाटते. पोचल्यावर दोन दिवस मुद्दाम तिथल्या वेळेशी जुळवून न घेता लवकर झोपलं, लवकर उठलं, की काम भागतं.

हाताशी एखादा दिवस असेल तर पीटरमॅरित्झबर्गच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन यावं. 7 जून 1893 च्या रात्री गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं ते इथंच. जून म्हणजे तिथला हिवाळा. शहर डर्बनपेक्षा उंचावर, त्यामुळे पहाटे चांगलंच झोंबतं. सुरुवातीच्या रेषेमागे जुने स्वेटर आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंगावर चढवून लोक उभे असतात. धावायला लागले की काढून टाकतात. राष्ट्रगीत, मग खाणमजुरांनी घराघरांत पोचवलेलं ‘शोशोलोझा’, मग ‘चॅरियट्स ऑफ फायर’ची धून, त्यानंतर ध्वनिमुद्रित कोंबड्याची बांग आणि लगेच बंदूक. ही बांग पूर्वी मॅक्स ट्रिम्बोर्न नावाचा धावपटू स्वतः द्यायचा.

वाटेत पाणी बाटलीत नसतं, हाताच्या पंजात मावणाऱ्या बंद पाऊचमध्ये असतं. कोपरा दातानं फोडायचा, अर्धं तोंडात, उरलेलं मानेवर. टेबलांवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी, कोला. तासनतास गोड जेल गिळून जीभ विटलेली असताना त्या खारट बटाट्याचं मोल कळतं. पाण्याच्या बाबतीत या शर्यतीचा वैद्यकशास्त्रात मान आहे. 1981 च्या कॉम्रेड्समध्ये एक धावपटू गंभीर आजारी पडली, ती पाणी कमी पडून नव्हे, जास्त झाल्यानं. रक्तातलं सोडियम उतरलं होतं. टिम नोक्स या डॉक्टरनं तिच्यासह चार रुग्णांची माहिती 1985 मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून ‘तहान लागेल तेवढंच प्या’ हा सल्ला हळूहळू रुजत गेला. आपल्याकडे अजूनही ‘पीत राहा, पीत राहा’ म्हणणारे भेटतात.

निम्म्या वाटेजवळ, ड्रमंडच्या परिसरात, दरडीत एक खोबण आहे. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन तिथं टेकायचा म्हणतात. तिथं फूल ठेवून ‘गुड मॉर्निंग, आर्थर’ म्हणणाऱ्याचा दुसरा अर्धा भाग बरा जातो, असा समज. विठ्ठलाला पायरीवरूनच हात जोडणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

शेवट निर्दय आहे. बारा तास होत आले की अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि तशीच बंदूक झाडतो. दोन पावलं मागे असलेल्याला पदक नाही, नोंद नाही. म्हणून बऱ्याच जणांचा भरवसा ‘बस’वर असतो : एक अनुभवी ‘ड्रायव्हर’ वेळेचं गणित सांभाळत धावतो, कुठे चालायचं तेही ठरवतो, आणि मागे शंभर-दोनशे माणसं गात, मोजत चाललेली. पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्वतःच्या घड्याळापेक्षा या बसवर विश्वास ठेवावा.

परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढू नये. मांड्या सर्वाधिक दुखतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तासनतास पाय दुमडून बसणं तेव्हा सोसत नाही. विमानतळावरच्या जिन्यावर उलटे, पाठमोरे उतरणारे लोक दिसले की समजावं, कालचे कॉम्रेड्सवाले. हातातलं पदक जेमतेम नाण्याएवढं. पहिल्या दोन शर्यती लागोपाठच्या वर्षी पुऱ्या करणाऱ्याला मात्र आणखी एक पदक मिळतं, ‘बॅक टू बॅक’. दुसऱ्या वर्षी सहसा दिशा उलटी असते, त्यामुळे रस्ता तोच असून ओळखीचा राहत नाही. आयोजकांनी ही तरतूद फार विचार करून केली असावी. पॉली शॉर्ट्सवर ‘पुन्हा येणार नाही’ म्हणालेली मंडळी विमानाची वाट बघताना पुढच्या जूनच्या रजेची चर्चा करत असतात.