चार धरणे, एक मागणी

रायपूरचे पिण्याचे पाणी, भिलाईचा पोलाद कारखाना आणि महानदी कालव्याखालची भातशेती यांची मागणी अखेर चार धरणांवर येऊन पडते. रविशंकर सागर म्हणजेच गंगरेलची क्षमता सुमारे ३२ टीएमसी, दुधावाची १०, सोंढूरची ७ आणि १९२३ मध्ये पूर्ण झालेल्या मुरुमसिल्लीची जेमतेम ६. मागणीचे चार समान वाटे केले तर मुरुमसिल्ली सर्वांत आधी कोरडे पडेल, हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही. क्षमतेच्या प्रमाणात वाटणी त्याहून बरी. पण क्षमता म्हणजे भांड्याचा आकार, आज त्यात पाणी किती हे तो सांगत नाही. म्हणून वाटा ठरावा तो उपयुक्त साठा आणि अपेक्षित आवक यांच्या बेरजेवर.

मग सगळे गंगरेलमधूनच का घेऊ नये? हा आक्षेप पोकळ नाही. दुधावा आणि मुरुमसिल्ली वरच्या अंगाला आहेत; त्यांच्या सांडव्यावरून गेलेले पाणी गंगरेलमध्ये अडते, गंगरेलवरून गेलेले मात्र थेट ओडिशातल्या हिराकूड धरणाच्या वाटेला लागते. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर खालचे धरण आधी रिकामे करण्यात शहाणपण आहे. पण पाऊस लांबला तर? वरून सोडलेल्या पाण्यातले काही तापलेल्या पात्रातच मुरते, शिवाय ते पोचायला वेळ लागतो. तेव्हा शहराचा पिण्याचा साठा गंगरेलमध्ये आधी राखून ठेवावा आणि मगच उरलेल्याचे वाटे करावेत. उन्हाळी धानाचा नंबर सर्वांत शेवटी.