रानाला फाटक

रान म्हटले की आपल्याला सरकारी रान आठवते. तिथे फॉरेस्टचा गार्ड असतो, आणि सरपणाची मोळी आणताना बायाबापड्यांना त्याची नजर चुकवावी लागते. पण अख्खे रान एका कंपनीच्या मालकीचे आहे, आणि त्यात नुसते हिंडायलासुद्धा पैसे भरून परवाना काढावा लागतो, असे कोणी सांगितले तर? अमेरिकेत पश्चिमेच्या समुद्रकाठी वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते वेगळे, ते पूर्वेला.) या राज्यात अशी राने आहेत. त्यांची हकीकत आम्ही इथे सांगतो.

एवढे रान कंपनीकडे आले कसे? 1864 साली तिथल्या सरकारने नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीला रूळ टाकण्याच्या बदल्यात जमीन दिली. ती सलग दिली नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी दिली. एक घर रेल्वेला, शेजारचे घर सरकारकडे. एकेक घर मैलभर लांब आणि मैलभर रुंद, म्हणजे 640 एकरांचे. पुढे 1900 साली फ्रेडरिक वेअरहाउझर या लाकडाच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या भागीदारांनी रेल्वेकडून 9 लाख एकर रान विकत घेतले. भाव पडला एकरी 6 डॉलर.

आणि ज्यांचे हे रान मुळात होते, ते तिथले आदिवासी? त्यांच्याशी सरकारने 1854 आणि 1855 साली करार केले होते. शिकारीचा हक्क त्यांना ठेवला, पण तो मोकळ्या, कोणाच्या नावावर न चढलेल्या जमिनीवर. मग जमीन नावावर चढत गेली, आणि मोकळी जमीन उरली किती? परवान्याची गोष्ट सांगताना हे आधी सांगावे असे आम्हाला वाटले.

हे रान म्हणजे एक प्रकारची शेतीच आहे. डग्लस फर नावाचे सरळ, उंच झाड लावायचे, चाळीस-पन्नास वर्षे वाढवायचे, तोडायचे, आणि पुन्हा रोपे लावायची. आपला ऊस वर्षा-दीड वर्षाचा, त्यांचे पीक दोन पिढ्यांचे. मधल्या काळात रानात काम थोडे. त्यामुळे आसपासच्या गावांतले लोक वर्षानुवर्षे तिथे जात आले. कोणी हरणाच्या शिकारीला, कोणी अळंबी आणि रानातली बोरे वेचायला, कोणी पोरांना घेऊन ओढ्याकाठी. एल्क म्हणून आपल्या सांबरासारखे मोठे जनावर तिथे आहे. एक मारले की घराला कित्येक महिने मांस पुरते. कोणी विचारत नव्हते, कोणी अडवत नव्हते. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात.

मग फाटके बसली. काही कंपन्या आधीपासून पैसे घेत होत्या. वेअरहाउझर कंपनीने 2013 च्या सुमारास या राज्यातल्या आपल्या मोठमोठ्या रानांना परवाने लावायला सुरुवात केली. परवाने मोजकेच. गाडी आत न्यायची तर वर्षाला काही शे डॉलर. कंपनीचे म्हणणे असे की लोक रात्री येऊन जुन्या गाद्या, फुटके फ्रीज, टायर टाकून जातात, लाकूड चोरतात, चिखलात गाड्या घालून रस्ते खणून काढतात, आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने चाळीस वर्षांचे पीक जळते. लोकांचे म्हणणे असे की कंपनीच्या रानाला सरकार शेतसाऱ्यात सवलत देते, आणि वर आम्हालाच बाहेर ठेवते.

आमच्या मते दोघांचेही खरे आहे. पण एक गोष्ट खटकते. रात्री गादी फेकायला येणारा परवाना काढून येत नाही. फाटकावर अडतो तो मोलमजुरी करणारा बाप, पोरांना घेऊन आलेला.

आता कायद्याचे बघू. 1967 साली या राज्याने एक कायदा केला. मालकाने आपली जमीन लोकांना फुकट हिंडायला मोकळी ठेवली, आणि कोणी पाय घसरून पडला, तर सहसा मालकावर दावा लागत नाही. फी घेतली की हे संरक्षण जाते. म्हणजे परवान्याचा पैसा घेणाऱ्याच्या गळ्यात जबाबदारीही पडते. फुकट ठेवले तरी एक अट आहेच. माणसाने केलेला छुपा धोका मालकाला ठाऊक असेल, तर तिथे ठळक पाटी लावावी लागते. नाहीतर दावा लागू शकतो.

आणि बिनपरवाना आत गेले तर काय होते? कंपनीचा राखणदार हटकतो, परवाना बघायला मागतो. पण तो दंड करू शकत नाही. तो शेरीफला बोलावतो. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीस प्रमुख, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला. गुन्हा कोर्टात ठरला तर 90 दिवसांपर्यंत कैद आणि 1000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र पकडलेला माणूस कोर्टात म्हणू शकतो, "साहेब, रान लोकांना मोकळं होतं, तसंच मी समजलो." हे पटले तर तो सुटतो. म्हणून सगळी मदार पाटीवर येते.

पण रानाला कुंपण कुठवर घालणार, आणि पाट्या तरी किती लावणार? म्हणून त्या राज्याच्या कायद्याने रंगाची खूण मानली आहे. झाडावर किंवा खांबावर भडक नारिंगी रंगाचा उभा पट्टा ओढायचा. निदान 8 इंच लांब, 1 इंच रुंद, जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर. दोन पट्ट्यांत 100 फुटांहून जास्त अंतर नको. अक्षर न येणाऱ्यालाही हा पट्टा 'आत येऊ नका' असे सांगतो. मात्र आत जाणाऱ्या रस्त्यावर नुसता रंग चालत नाही, तिथे पाटीच हवी. पट्ट्याचा अर्थ ज्याला कोणी सांगितलाच नाही, त्याला तो नुसता रंगच दिसणार. निदान रस्त्यावर तरी लिहिलेले असते.

पटावरच्या घरांनी आणखी एक घोळ होतो. सरकारी घर सगळ्यांसाठी उघडे, पण तिथे जाणारा रस्ता बऱ्याचदा कंपनीच्या घरातून. हल्ली मोबाइलच्या नकाशात कोणता तुकडा कोणाचा ते दिसते, तरी जायला वाट नसली तर नकाशा काय करणार?

शिकाऱ्याची अडचण तर फारच नाजूक. समजा, सरकारी तुकड्यात उभे राहून त्याने हरणाला गोळी घातली. हरीण जखमी होऊन धावले आणि नारिंगी पट्ट्याच्या पलीकडे जाऊन पडले. 2012 च्या कायद्याप्रमाणे पडलेली शिकार आणायला परक्या जमिनीत शिरणे हाही गुन्हा. आणि शिकार तशीच सडू देणे हाही तिथे गुन्हाच. मग करायचे काय? कायदा एवढेच विचारतो, की आत जाण्याआधी मालकाला गाठण्याची होईल तेवढी खटपट केली का? म्हणून जाणता शिकारी घरून निघतानाच कंपनीच्या फाटकावरचा फोन नंबर कागदावर उतरवून खिशात ठेवतो.