चाकाच्या खुर्चीवरील खेळाडू आणि बलार्ध

१९६५ च्या युद्धात जखमी होऊन अपंगत्व आलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या वाटेने निघालेला चाकाच्या खुर्चीवरील खेळाडू आमच्या कांजूरमार्गच्या चिकित्सालयात ‘व्यायाम किती करू?’ असे विचारतो, तेव्हा ‘कपाळी घाम येईपर्यंत’ हे आपले नेहमीचे उत्तर घातक ठरू शकते. मेरुरज्जूच्या पूर्ण इजेत त्या पातळीखाली घाम येत नाही. इजा मानेत असल्यास अंगभरच कमी येतो आणि शरीर तापत जाते. अशा वेळी नाडीही बहुधा १३० च्या पुढे जात नाही. म्हणून ‘२२० वजा वय’ हे सूत्र येथे लागू पडत नाही.

योग्य परीक्षण हातांनी फिरविण्याच्या एर्गोमीटरवर, भार क्रमाक्रमाने वाढवून व प्राणवायूचे ग्रहण मोजून होते. ती सोय नसेल तेथे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितलेले बलार्धाचे लक्षण स्मरावे : हृदयस्थ वायू मुखाशी येणे. बोलताना वाक्य तुटू लागले की व्यायाम थांबवावा. एकाएकी डोके ठणकल्यास खेळाडूस ताठ बसवावे, रक्तदाब व तुंबलेले मूत्राशय तपासावे आणि विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

घाम दिसत नाही म्हणून अधिक श्रम सांगणे, हा प्रमाद आपल्या हातून घडू नये.