किल्ली कोणाकडे?

आज आम्ही कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत, पण लगेच रेडिओ बंद करू नका. प्रश्न आपल्या गटातलाच आहे.

आमच्या केंद्रावर तुमच्या ओव्या, मुलाखती रेकॉर्ड होतात. मधला खोकला, बाहेरच्या एसटीचा हॉर्न कापून काढायला आम्ही ऑडासिटी नावाचा प्रोग्रॅम वापरतो. तो आम्ही विकत घेतलेला नाही, आणि चोरलेलाही नाही. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे तो कसा बनवला याचं सगळं लिखाण उघडं आहे. कोणीही वाचावं, वापरावं, हवा तसा बदल करून घ्यावा. लोणच्याची बरणी तर द्यायचीच, वर मसाल्याचं प्रमाणही लिहून द्यायचं, असा हा प्रकार.

मग यात मालक कोण आणि राबतं कोण? आमच्यासारखे बहुतेक जण नुसते वापरणारे. त्यातलेच काही जण बिघाड दिसला की कळवतात. कुठलं बटण दाबलं, काय झालं, एवढं नीट लिहिलं तरी ते मोठं काम असतं. त्याला शिक्षण लागत नाही, लक्ष लागतं. कोणी माहिती लिहितं, कोणी भाषांतर करतं. फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस मराठीत दिसतं, त्यामागे अशाच स्वयंसेवकांची मेहनत आहे. काही जण दुरुस्ती लिहून पाठवतात. पण पाठवली म्हणजे ती लगेच आत गेली असं नाही. ती आधी दुसरं कोणीतरी वाचतं, शंका काढतं, परतही पाठवतं. आणि शेवटी मूळ प्रतीत काय जाईल हे जो ठरवतो, नवी आवृत्ती ज्याच्या हातून बाहेर पडते, त्याला मेंटेनर म्हणतात. सांभाळणारा. किल्ली त्याच्याकडे असते.

लिनक्ससारख्या मोठ्या कामात एकेका भागाला वेगळे सांभाळणारे आहेत. १९९१ मध्ये ते सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स सगळ्यांच्या वर. पण पुष्कळ लहान प्रोग्रॅममध्ये लिहिणारा, तपासणारा आणि वाटणारा एकच माणूस असतो. अशाच एका प्रोग्रॅमची हकिगत सांगतो.

त्याचं नाव एक्सझेड. काम साधं. मोठी फाइल दाबून लहान करायची, जसं आपण रजया दाबून गाठोडं बांधतो. जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट आणि मोठमोठ्या कंपन्यांचं काम चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, तो असतो. आणि वर्षानुवर्षं तो सांभाळत होते फिनलंडचे लासे कोलिन. जवळजवळ एकटे, बिनपगारी.

२०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तक्रारी सुरू झाल्या. काम रखडलंय, नवा माणूस घ्या. कोलिन यांनी सांगितलं की आपली मानसिक तब्येत बऱ्याच दिवसांपासून ठीक नाही, आणि हे काम आपण आवडीखातर, फुकट करतो. तरी टोचणी थांबली नाही. त्याच काळात जिया टान या नावाने कोणीतरी मदत करत होतं. काम चोख, बोलणं नम्र. हळूहळू किल्लीही त्या हातात गेली. टोचणारी माणसं आणि मदतनीस एकाच कटातले असावेत, असं अनेक जाणकारांना वाटतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत एक चोरदरवाजा होता. त्याचा मोठा भाग चाचणीच्या फाइलींमध्ये लपवला होता, ज्या सहसा कोणी उघडून वाचत नाही. आणि तो जागा करणारी ओळ उघड्या लिखाणात नव्हतीच. ती फक्त वाटायच्या गठ्ठ्यात होती. मूळ वहीत ती ओळ नाही, पण वाटलेल्या झेरॉक्सवर मात्र आहे! हा दरवाजा सगळीकडे पोचला असता, तर असंख्य सर्व्हरचं कुलूप एकाच चोराला उघडता आलं असतं.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे दुसऱ्याच एका ओपन सोर्स प्रोग्रॅमवर काम करणारे. एक्सझेडचे ते नुसते वापरणारे. आपल्या कामाचा वेग मोजताना त्यांना दिसलं, की कॉम्प्युटरमध्ये शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं, नेट स्लो असेल. त्यांनी मात्र माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना कळवलं. सर्व्हरवर सहसा चालणाऱ्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत हा माल तोवर पोचला नव्हता. त्यामुळे निभावलं. जिया टान म्हणजे खरं कोण, हे मात्र उघड झालेलं नाही.

काही जण म्हणाले, चूक कोलिन यांचीच, किल्ली दिलीच कशाला? आम्हाला हे पटत नाही. एवढ्या कंपन्या तो प्रोग्रॅम फुकट वापरत होत्या. त्यातल्या किती जणांनी विचारलं की बाबा, हे सांभाळतं कोण आणि त्याला जेवायला वेळ मिळतो का? गटात सात-सात वर्षं एकच ताई हिशोब लिहिते. ती आजारी पडली की आपण म्हणतो, "अगं, वही कधी पूर्ण करणार?" मग कोणी "द्या इकडे, मी लिहिते" म्हटलं की तिला हायसंच वाटणार. हात पुढे करणारी बहुतेक वेळा प्रामाणिकच असते. पण बँकेत दोन सह्या लागतात, त्या कोणावर संशय म्हणून नाही. एकीच्या नजरेतून सुटलेलं दुसरीला दिसावं म्हणून. एक्सझेडमध्ये ती दुसरी नजर ठेवायला कोणी आलंच नव्हतं.

कोलिन यांनी काम पुन्हा हातात घेतलं. चोरदरवाजा काढून टाकला आणि मे २०२४ मध्ये ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती बाहेर काढली.