पहिलीच्या वर्गातील पहिले आठवडे

कोणत्याही कार्याच्या आरंभास मराठीत ‘श्रीगणेशा’ किंवा ‘ओनामा’ म्हणतात. हे दोन्ही शब्द जुन्या शाळेतून आलेले आहेत. ‘श्रीगणेशाय नमः’ आणि ‘ॐ नमः सिद्धम्’ ही धुळाक्षरांच्या काळी मुलाने प्रथम गिरवावयाची वाक्ये होत. अक्षर म्हणजेच शिक्षणाचा प्रारंभ, ही समजूत अशा रीतीने भाषेतच रुजून बसली आहे. तथापि पहिलीच्या वर्गात शाळा सुरू होताच अक्षरे गिरविण्यास लावणे, हे शिक्षणदृष्ट्या कितपत युक्त आहे, याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते भाषेवाचून नव्हे. आपली गरज, राग, कुतूहल सांगण्यास पुरेशी भाषा त्याने घरीच कमावलेली असते. मात्र ती पुस्तकातील भाषा असतेच असे नाही. मालवणीतील ‘माका’, वऱ्हाडीतील ‘मले’ आणि पुस्तकातील ‘मला’ यांत अर्थभेद मुळीच नाही. मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीकडील माडिया या तर मराठीहून सर्वस्वी भिन्न कुळांतील भाषा. मुलाने उच्चारलेले पहिलेच वाक्य शिक्षकाने दुरुस्त केले, तर मूल शुद्ध भाषा शिकत नाही. ते गप्प राहण्यास शिकते. पुढे हेच मौन मंदबुद्धीचे लक्षण मानले जाते आणि निदानातील ही चूक मुलाला वर्षानुवर्षे भोवते.

वाचन म्हणजे ओळखीचा शब्द खुणांतून पुन्हा ओळखणे होय. जो शब्द कानाला परिचित नाही, तो अक्षरे जुळवूनही अर्थ देत नाही. शिवाय देवनागरीचे काही विशेष नवशिक्यास बुचकळ्यात पाडणारे आहेत. ‘कि’ या अक्षरात इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, परंतु त्याची वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागते. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला असून व्याकरणदृष्ट्या तो उत्कृष्ट आहे. पण त्यात लवकर येणाऱ्या ‘ङ’ आणि ‘ञ’ यांनी आरंभ होणारा एकही शब्द मुलाच्या बोलण्यात नसतो. याउलट क, म, ब ही तीन अक्षरे आणि काना एवढ्यावर ‘काका’, ‘मामा’, ‘बाबा’, ‘मका’, ‘काम’ हे शब्द तयार होतात. म्हणून आधी गोष्टी, गाणी व शब्दाचा पहिला ध्वनी ओळखण्याचे खेळ, आणि मागाहून अक्षरे, हा क्रम अधिक सयुक्तिक ठरतो.

दुसरे कार्य वर्गाच्या शिस्तीचे. चपला कोठे ठेवाव्यात, पाणी केव्हा प्यावे, लघवीला जाताना कोणास सांगावे, या गोष्टी एकदा सांगून मुलांच्या अंगवळणी पडत नाहीत. त्या करून दाखवाव्या लागतात आणि रोज करून घ्याव्या लागतात. दिवसाचा क्रम ठरलेला असला, की नव्या जागेचे भय ओसरते व मुलाचे लक्ष शिकण्यासाठी मोकळे होते.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे केलेल्या कार्यात अंगणवाडी व कुरणशाळा यांचा उदय झाला. गुरे राखणारी मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, ही त्यामागील भूमिका होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही पहिलीच्या आरंभी तीन महिन्यांच्या खेळाधिष्ठित पूर्वतयारीची शिफारस केली. त्यानुसार २०२१ साली ‘विद्या प्रवेश’ हा उपक्रम सुरू झाला.

यावर एक आक्षेप संभवतो, तो असा की अशाने अभ्यासक्रमाचा वेळ वाया जातो. परंतु या काळातील प्रगतीही नोंदविता येते. कोणते मूल आपण होऊन बोलले, कोणत्या भाषेत बोलले, कोण अद्याप बोललेच नाही, याचे टिपण शिक्षकाने रोज ठेवावे. अखेरच्या गटातील नावे आठवड्यागणिक कमी होत असतील, तर वेळ सत्कारणी लागत आहे असे समजावे. आणि एखादे नाव तसेच राहिले, तर पुस्तक उघडण्यापूर्वी त्या मुलाची घरची भाषा जाणून घ्यावी.