बॅरलमधला ताप

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात टंचाईच्या दिवसांत पाणी येतं ते टँकरने, नाहीतर कधीतरी सुटणाऱ्या नळाने. म्हणून दारात निळे बॅरल, मागे सिमेंटचा हौद, गोठ्याजवळ जनावरांचं टाकं. आरोग्यसेवकाबरोबर गल्ली फिरताना लक्षात आलं, त्याचं माणसांपेक्षा या भांड्यांकडेच जास्त लक्ष होतं. झाकण सरकवायचं, टॉर्च मारायचा, पाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं. उजेड पडला की अळ्या वळवळत तळाकडे पळतात.

"परवाच धुतलंय की ओ बॅरल," घरातल्या मावशी म्हणाल्या. त्याने वाद घातला नाही. पाण्याच्या रेषेलगत आतून बोट फिरवून दाखवलं. एडिस डासाची अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. पाणी ओतून दिलं म्हणजे काम झालं असं नाही. काथ्याने घासावं लागतं. पण टँकरचं पाणी ओतून द्यायला सांगायचं कोणत्या तोंडाने? तिथे मग अबेट या अळीनाशकाचं द्रावण, मोठ्या हौदात गप्पी मासे.

बरोबरची आशाताई वहीत लिहीत होती. तपासलेली घरं, दूषित घरं, तपासलेली भांडी, दूषित भांडी. यातून दोन आकडे निघतात. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या, तो हाऊस इंडेक्स. शंभर घरांमागे किती भांडी दूषित, तो ब्रेटो इंडेक्स. मला दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो. एकाच घरात अळ्यांनी भरलेले पाच बॅरल असले तरी पहिल्या हिशेबात ते एकच घर.

ही साधी वही रुग्णांच्या यादीपेक्षा पुढचं सांगते. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस, डासाच्या अंगात विषाणू वाढायला 8 ते 12 दिवस, चावल्यावर माणसाला ताप यायला 4 ते 10 दिवस. आज दवाखान्यात आलेल्या डेंगीची सुरुवात कुठल्यातरी न घासलेल्या बॅरलमध्ये तीन-चार आठवड्यांपूर्वीच झालेली असते.

रुग्णांची ती यादी येते एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून; तो 2004 मध्ये सुरू झाला. त्यात तीन फॉर्म: संशयितांचा एस, डॉक्टरांच्या निदानाचा पी, प्रयोगशाळेचा एल. 2021 पासून ही माहिती नव्या पोर्टलवर जाते. पण ताप आला की माणूस आधी जातो गावातल्या खासगी डॉक्टरकडे. तिथली झटपट कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी हिशेबात तो संशयितच. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन चाचणी, नंतर आयजीएम, तेही एलायझा पद्धतीने, झाल्यावरच तो पक्का रुग्ण. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे डास वाढले, की तपासण्या वाढल्या, हे आधी विचारावं लागतं. आणि एखाद्या उपकेंद्राचा अहवाल 'निरंक' असेल, तर तिथे ताप नव्हता की पाहायला माणूस नव्हता, हेही.

सांगलीत जिल्ह्याची सरासरी काढणं मला तर निरुपयोगीच वाटतं. दहा तालुक्यांत एका टोकाला शिराळ्याचा धो-धो पाऊस, दुसऱ्या टोकाला जत-आटपाडीचा दुष्काळ. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली शहरातल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फूट गाठले, तेव्हा नदीकाठाला काळजी होती लेप्टोस्पायरोसिसची आणि गढूळ पाण्यातून येणाऱ्या जुलाबांची. त्याच जिल्ह्यात, मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात सौदीहून परतलेल्या एका कुटुंबापासून करोनाची साखळी सुरू झाली. तिथे निदान कोण कोणाला भेटलं हे माणसांना विचारता आलं. डासाला कोण विचारणार?

गावकऱ्यांची मागणी मात्र ठरलेली: "धुरळणी कधी करताय?" धूर डोळ्यांना दिसतो, काहीतरी झाल्याचं समाधान देतो. त्यात मरतो तो उडता डास. बॅरलमधल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो. आरोग्यसेवकाने सरपंचांना हे पुन्हा एकदा समजावलं. धुरळणीचं बघू म्हणाला, पण आठवड्यातून एक दिवस सगळ्या गावाने एकाच वेळी रिकामी करता येतील ती भांडी घासून कोरडी करायची, हे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचं कबूल करून घेतल्याशिवाय तिथून हलला नाही.