‘नाइट’मधला न ऐकू येणारा आवाज

इंग्रजी स्पेलिंग पाठ करताना मराठी मुलं एका ठिकाणी हमखास अडखळतात. एन, आय, जी, एच, टी: नाइट, म्हणजे रात्र. पाच अक्षरांतली दोन लिहायची, पण उच्चारायची नाहीत. लाइट म्हणजे उजेड, राइट म्हणजे उजवा किंवा बरोबर, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी, हाय म्हणजे उंच, नेबर म्हणजे शेजारी. सगळीकडे तोच ‘जी-एच’, आणि सगळीकडे गप्प. बाराखडीवर वाढलेल्या आपल्या मनाला हे पटत नाही. अक्षर आहे तर आवाज हवा. आणि आपल्या मनाचं बरोबरच आहे, कारण इथे खरोखरच आवाज होता.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये रात्रीला ‘निख्त’ म्हणत. मुलीला ‘दोख्तोर’, सरळ किंवा योग्य गोष्टीला ‘रिख्त’. हा ‘ख्’ आपल्यासारखा ठसठशीत नव्हे, घशाशी हवा घासून काढलेला. त्या काळी तो नुसत्या ‘एच’ने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लिहिण्याचं काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेलं, आणि पुढच्या शतकांत या आवाजासाठी ‘जी-एच’ ही जोडी रुळली. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. नेमक्या त्याच काळात दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यातून हा घशातला आवाज विरत होता. आवाज गेला, छापलेली अक्षरं राहिली.

शेजारच्या जर्मनीत मात्र तो आजही खणखणीत आहे: रात्र ‘नाख्ट’, आठ ‘आख्ट’, मुलगी ‘टोख्टर’. स्कॉटलंडच्या बोलीतही रात्र अजून ‘निख्त’च आहे. ‘नेबर’चं जर्मन भावंड ‘नाख्बार’. या शब्दाचा पहिला भाग म्हणजे ‘जवळ’ आणि दुसरा म्हणजे ‘राहणारा’. जवळ राहणारा तो शेजारी, इतका साधा अर्थ त्या अवघड स्पेलिंगात दडलेला आहे.

मग लाफ म्हणजे हसणं, कॉफ म्हणजे खोकणं, रफ म्हणजे खडबडीत, इनफ म्हणजे पुरेसं, यांत ‘जी-एच’चा ‘फ’ कसा झाला? ओठ गोल करून घशातला तो ‘ख्’ घासून पाहा. हवेचा फरफराट घशापेक्षा ओठांशी जास्त ऐकू येतो. ऐकणाऱ्या पोरांनी तो ओठांचाच आवाज समजून उचलला असेल, तर ‘फ’ आलाच. काही बोलींत असं झालं, काहींत आवाज नुसता गळून पडला, आणि प्रमाण इंग्रजीने दोन्हीकडचे शब्द घेतले. म्हणून लाफ्टर आणि डॉटर यांत एका अक्षराचाच फरक असूनही उच्चार दोन दिशांना गेले. कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात. काही बोलींत त्याचाच ‘डफ’ झाला, आणि ‘प्लम डफ’ नावाच्या पुडिंगमध्ये तो अजून टिकून आहे.

पण मला सगळ्यात भुरळ घालते ती याच्याही मागची पायरी. लॅटिनमध्ये आठ म्हणजे ‘ऑक्टो’ (जुन्या रोमन वर्षातला आठवा महिना ऑक्टोबर) आणि रात्रीचं अंग ‘नॉक्त-’. दोन्हीकडे ‘क्त’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये नियम मांडला, की लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे ‘क’ दिसतो तिथे जर्मन-इंग्रजी कुळात ‘ह’ दिसतो. म्हणजे नाइटमधला मुका ‘जी-एच’ हा एका प्राचीन ‘क’चा वंशज आहे. तो ‘क’ आपल्याकडे जसाच्या तसा आहे: संस्कृत ‘नक्त’ म्हणजे रात्र. दिवसभर उपास करून रात्री एकदाच जेवायच्या व्रताला आपण अजूनही नक्त म्हणतो.

युरोपातल्या कितीतरी भाषांत रात्र आणि आठ यांचं यमक जुळतं. इंग्रजी नाइट-एट (उच्चारात नसलं तरी अक्षरांत), जर्मन नाख्ट-आख्ट, इटालियन नोत्ते-ओत्तो, स्पॅनिश नोचे-ओचो. त्यावरून रात्र म्हणजे ‘न’ अधिक आठ, आणि आठ म्हणजे अनंताचं चिन्ह, असं गूढ उकलल्याचा दावा फिरत असतो. तसं काही नाही. दोन शब्दांच्या पोटी ‘क्त’ होता आणि प्रत्येक भाषेने त्याची सारखीच वासलात लावली, एवढंच. संस्कृतात तर यमक मोडतंच: नक्त, पण अष्ट. हे मोडणंच मोलाचं आहे! या सगळ्या भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत या दोन शब्दांत ‘क’सारखे दोन वेगळे आवाज होते. लॅटिन आणि जर्मन कुळाने ते एक करून टाकले, संस्कृताने वेगळे ठेवले. एकाचा ‘क’ राहिला, दुसऱ्याचा ‘श’ होऊन ‘ट’च्या संगतीत ‘ष’ झाला. तोच अष्ट आपल्या तोंडी ‘आठ’ झाला.

डॉटरचा सोयरा म्हणजे संस्कृत ‘दुहितृ’. त्यातला ‘ह’ आणि डॉटरमधला ‘जी-एच’ एकाच मुळाचे. हाच शब्द झिजत झिजत कोकणीत ‘धूव’ झाला. गोव्यातली आई लेकीला ‘धूव’ म्हणते आणि लंडनमधली ‘डॉटर’, तेव्हा दोघींच्या तोंडी एकच जुना शब्द असतो. आणि लाइट, म्हणजे उजेड नव्हे तर हलकं या अर्थाचा, तो आपल्या ‘लघु’चा सख्खा. लघुमधला ‘घ’ ज्या आवाजातून आला, त्यातूनच लाइटचा ‘जी-एच’ आला. आपण ‘घ’ रोमन लिपीत ‘जी-एच’ असाच लिहितो हा निव्वळ योगायोग; मला तो फार आवडतो.

सगळेच ‘जी-एच’ असे खानदानी नाहीत. घोस्ट म्हणजे भूत. त्याचं जुनं स्पेलिंग नुसत्या ‘जी’चं. कॅक्स्टन छापखाना काढण्याआधी बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रुझ शहराकडे राहिला होता, आणि तिकडच्या फ्लेमिश लेखनाच्या सवयीने तो ‘एच’ आत शिरला, असं मानतात. हॉटी म्हणजे गर्विष्ठ. तो फ्रेंचमधून आला, त्यात घशातला आवाज कधीच नव्हता, इतरांचं बघून त्याला ‘जी-एच’ चिकटला. डिलाइट म्हणजे आनंद, त्याचंही तेच. कवी चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, तो ‘डी-ई-एल-आय-टी’ असा सुटसुटीत लिहीत. पुढे लाइटशी यमक जुळतं म्हणून लोकांनी त्यात ‘जी-एच’ घातला, निव्वळ चुकून. मात्र फ्रेंचच्याही मागे गेलं की लॅटिन क्रियापद भेटतं, ‘देलेक्तारे’, म्हणजे आनंद देणं. फ्रेंचने वाटेत त्यातला ‘क’ गाळला होता. इंग्रजांनी नकळत ती दोन मुकी अक्षरं बसवली, ती नेमकी त्याच ‘क’च्या रिकाम्या जागेवर.